व्यसनमुक्ती केंद्राची बाह्यरुग्ण सेवा : पाच महिन्यांचा हिशेब

गेल्या जानेवारीपासून मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मी पुण्यातील एका खासगी व्यसनमुक्ती केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागात उपचार घेतले. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी लिहिणार नाही. माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्यांचा खुलासा करण्याची संधी केंद्राला येथे मिळणार नाही, हे एक कारण. नाव लिहिले तर शुक्रवारच्या गटात माझ्याबरोबर बसणारी माणसे ओळखू येतील, हे त्याहून मोठे कारण. नावाशिवायचे परीक्षण अपुरे वाटेल याची मला कल्पना आहे, परंतु चिठ्ठीवर मिळणाऱ्या उत्तेजक गोळ्यांची सवय सोडून तब्येत सावरू पाहणाऱ्याने अशा ठिकाणी काय मागून घ्यावे आणि कशासाठी पैसे देताना प्रश्न विचारावा, एवढे तरी यातून कळेल.

मी २६ वर्षांचा असून सीएच्या अंतिम परीक्षेची तयारी करतो, आणि सदाशिव पेठेत आम्ही तिघे मिळून एका खोलीत राहतो. आमच्यातील एकाला शाळेपासून एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होण्याचा विकार आहे व त्याचे मनोविकारतज्ज्ञ त्याला मेथिलफेनिडेट ही उत्तेजक गोळी देतात. हे औषध १९४४ मध्ये सिबा या स्विस कंपनीतील लिआंद्रो पानिझोन या रसायनशास्त्रज्ञाने तयार केले आणि १९५४ मध्ये ते ‘रिटालिन’ म्हणून बाजारात आले. पानिझोनच्या पत्नीला रिटा म्हणत, त्यावरून हे नाव पडले. ज्याला या गोळीची गरज आहे त्याचा दिवस तिच्यामुळे कसा मार्गी लागतो, हे मी आमच्या खोलीत रोज पाहिले आहे. त्यामुळे औषधाला दोष देण्याचा माझा विचार नाही. दोष माझा होता. सप्टेंबरअखेरच्या टॅक्स ऑडिटच्या धावपळीत मी मित्राकडून पहिली गोळी मागून घेतली, ऑक्टोबरात मागणे थांबले आणि न विचारता घेणे सुरू झाले. मात्रा किती वाढली ते लिहीत नाही, कारण असे आकडे वाचून त्यांच्याशी स्वतःची तुलना करणारा एक वाचक मीही होतो. डिसेंबरात मित्राच्या गोळ्या महिना संपण्याआधीच संपू लागल्या, आणि कामातील चुकांबद्दल ऑफिसात बोलणी बसली ती त्याला.

माझ्या शरीराची अवस्था तोवर अशी झाली होती की जेवणाचा डबा उघडला तरी भूक लागत नसे, रात्री जबडा आवळला जाऊन सकाळी कानशिले दुखत, आणि झोप यावी म्हणून मी वेगळ्या गोळ्या घेऊ लागलो होतो. दिवसाची एक गोळी, रात्रीची एक गोळी, आणि मधल्या वेळात चहा. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी मित्राला सर्व सांगितले. त्याने आपली गोळ्यांची डबी कुलपात ठेवली आणि चौथ्या दिवशी मला या केंद्रात नेले.

पहिली भेट ८०० रुपयांची होती आणि ती सव्वा तास चालली. एवढा वेळ कोणत्याही डॉक्टरने मला आजवर दिलेला नाही. वजन ५८ किलो भरले. दोन वर्षांपूर्वीच्या आरोग्य तपासणीत ते ६६ होते. रक्तदाब १४८/९४ आणि नाडी मिनिटाला १०४ होती. डॉक्टरांनी लगेच ईसीजी काढून घेतला व हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि बी-१२ यांच्या तपासण्या लिहून दिल्या. ईसीजीत नाडीच्या वेगापलीकडे काही निघाले नाही, बी-१२ मात्र कमी निघाले. ही गोळी मेंदूत नेमके काय करते ते त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढून समजावले: मेंदूतील पेशी डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायने बाहेर सोडतात आणि काम झाल्यावर परत आत ओढून घेतात, मेथिलफेनिडेट ती परतीची दारे अडवून धरते, त्यामुळे रसायने बाहेरच साचून राहतात. दारे महिनोन्‌महिने अडवून धरल्यावर एकदम मोकळी केली की काही काळ साध्या गोष्टींत गोडी वाटत नाही, आणि हा आळस नसून शरीराची वसुली आहे, असे त्यांनी सांगितले. ‘वसुली’ हा शब्द त्यांचाच. हिशेबाच्या माणसाला तो लगेच कळला.

त्यानंतर त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठीच मी या सेवेला सर्वाधिक गुण देईन. ‘रात्री झोपेसाठी काय घेता?’ असे त्यांनी सरळ विचारले. मी ते सांगणार नव्हतो. माझ्या लेखी ती गोष्ट किरकोळ होती आणि उत्तेजक गोळीबरोबर तीही त्याच दिवशी फेकून देण्याचा माझा बेत होता. मेथिलफेनिडेट अचानक थांबवले तर थकवा, उदासी आणि अमर्याद झोप येते, पण सहसा झटके (फिट) येत नाहीत. अल्प्राझोलामसारखी झोपेची किंवा चिंतेची गोळी नियमित घेणाऱ्याने ती अचानक सोडली तर मात्र झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानेच उतरवावी लागते. माझी गोळी सहा आठवड्यांत उतरवली. त्या सव्वा तासात बाकी काही झाले नसते आणि एवढा एक प्रश्नच विचारला गेला असता, तरी ८०० रुपये वसूल झाले असते.

एका बाबतीत मात्र मी त्या दिवशी चिडून बाहेर पडलो. थकवा जावा म्हणून काहीतरी ताकदीचे औषध मिळेल अशी माझी अपेक्षा होती, आणि डॉक्टरांनी बी-१२ सोडल्यास काहीही दिले नाही. दारूसाठी किंवा अफूजन्य पदार्थांसाठी जशी मान्यताप्राप्त औषधे आहेत तसे उत्तेजकांच्या व्यसनासाठी एकही नाही. उपाय आहे तो समुपदेशन, नियमितपणा आणि वेळ. त्यांनी हे मोकळेपणाने सांगितले, आणि उदासी दोन-तीन आठवड्यांत ओसरली नाही तर तिच्यावर स्वतंत्र उपचार करू, असेही सांगितले. माझ्या पिशवीत तेव्हा ‘मेंदूची ताकद’ वाढवणारी ११०० रुपयांची एक पावडर होती. ती पाहून त्यांनी फक्त बिल जपून ठेवले आहे का, एवढे विचारले.

पहिले दहा दिवस मी रोज १३-१४ तास झोपलो आणि उठल्यावरही झोपेतच असल्यासारखा वावरलो. स्वप्ने इतकी स्पष्ट पडत की सकाळी ताळेबंद जुळला होता की नव्हता याची खात्री करावी लागे. भूक मात्र लांडग्यासारखी परत आली. या काळातील खरा धोका शरीराला नसून मनाला असतो, आणि तो डॉक्टरांनी आडवळणाने सुचवला नाही. ‘जगू नये असे वाटले तर कोणाला सांगाल?’ असे विचारून त्यांनी दोन नावे लिहून घेतली, माझ्यासमोर त्या दोघांना फोन केले, आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माझ्या फोनमध्ये साठवायला लावला. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती विनामूल्य आहे, अहोरात्र मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. आठव्या रात्री अडीच वाजता मी तो क्रमांक लावला. पलीकडच्या बाईंनी मला उपदेश केला नाही. खोलीत आणखी कोण आहे ते विचारले, त्याला उठवायला सांगितले, आणि तो उठून बसेपर्यंत त्या बोलत राहिल्या.

आता वहीविषयी. पहिल्या समुपदेशनाच्या वेळी, म्हणजे ५०० रुपयांच्या पाऊण तासात, तिथल्या ताईंनी मला दोनशे पानी साधी वही आणायला सांगितली. झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, काय खाल्ले, किती चाललो, गोळीची आठवण कधी आली आणि तेव्हा हातात कोणते काम होते, एवढेच त्यात लिहायचे होते. मनातले काही लिहायचे नव्हते. मला तो पोरखेळ वाटला. दुसऱ्यांची व्हाउचरे तपासण्यात तीन वर्षे घालवलेल्या माणसाला स्वतःच्या दिवसाची नोंद ठेवायला लाज वाटावी, हे आता विचित्र वाटते. चौथ्या आठवड्यात ताईंनी वही उलटी माझ्यापुढे ठेवली आणि गोळीच्या आठवणीच्या वेळांवर पेन्सिलीने खुणा करायला लावल्या. जवळपास सर्व खुणा दुपारी तीन ते पाच या वेळात आल्या, आणि त्यांतील बहुतेक दिवशी मी दुपारचा डबा अर्धा टाकलेला होता. ज्याला मी इच्छाशक्तीचा प्रश्न समजत होतो तो निम्मा तरी उपाशीपोटाचा प्रश्न होता. या सेवेचे मोल विचाराल तर ते या वहीत आहे: तिथे मला गोळीच्या जागी दुसरी गोळी मिळाली नाही, दिवसाचा हिशेब मिळाला.

आहारतज्ज्ञांची भेट मात्र वाया गेली असती. त्यांच्या छापील तक्त्यात ॲव्होकॅडो, बदामाचे दूध आणि ऑलिव्ह तेल होते. माझ्या मेसच्या डब्यात दोन पोळ्या, एक पातळ रस्सा आणि भात असतो. मी तो तक्ता परत केला, तेव्हा त्या बाईंनी तो रागावून न घेता खोडला आणि मागच्या बाजूला हाताने नवा लिहिला: सकाळी दूध-गूळ घातलेले नाचणीचे सत्त्व, डब्याबरोबर वाटीभर मोडाची मटकी आणि दही, चार वाजता दोन उकडलेली अंडी किंवा शेंगदाण्याचा लाडू, रात्री मूगडाळीची खिचडी. चारच्या त्या लाडवाने तीन ते पाचच्या खुणा महिन्याभरात विरळ केल्या. अमृततुल्यातला चहा दिवसाला सहा कपांवरून दोनवर आणायला सांगितला, दुपारनंतर तोही नाही. एनर्जी ड्रिंक पूर्ण बंद. आपल्याकडील नियमानुसार अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असू शकते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या एका डब्यात ७५ मिलिग्रॅमपर्यंत. रक्तदाब आधीच चढलेल्या माणसाने ते वर ओतू नये, एवढे साधे कारण त्यांनी दिले. छापील तक्ता अजूनही सर्वांना तोच दिला जातो, असे कळते. तो परत करावा.

व्यायामाबाबत डॉक्टरांनी पहिल्या दोन आठवड्यांत सपाट रस्त्यावर वीस मिनिटे चालणे आणि नंतर, नाडी शंभरच्या खाली स्थिर झाल्यावर, पर्वतीची टेकडी चढणे, असे सांगितले होते. जिममध्ये जाण्याचा माझा हट्ट त्यांनी मोडून काढला. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी पहिल्या सकाळी मी चाळिसाव्या पायरीवर बसलो, मग सत्तराव्या, मग वर जाऊन बराच वेळ. शेजारून सत्तरीच्या आजी न थांबता वर गेल्या आणि उतरताना ‘बाळा, सावकाश’ म्हणाल्या. एप्रिलच्या मध्यावर मी न बसता वर पोहोचलो, आणि ती तारीख वहीत लाल शाईने लिहिलेली आहे.

शुक्रवारच्या गटाविषयी लिहिताना मला थोडे अवघडायला होते. गटात दहा-बारा जण असत, बहुतेक दारूचे, दोघे गुटख्याचे, आणि चर्चेचा सारा ओघ दारूच्या अनुभवाभोवती फिरे. उत्तेजक गोळ्यांसाठी स्वतंत्र गट नाही, ही सेवेतील उणीव आहे. परीक्षेच्या या शहरात तसा गट भरणार नाही असे मला वाटत नाही. पण उणिवेआड माझा अहंकारही लपलेला होता. पहिल्या शुक्रवारी मी, माझी गोळी मेडिकलमध्ये मिळते आणि ती अभ्यासासाठी होती, असे दोनदा सांगितले. समोरचे एक काका, ज्यांच्याविषयी याहून अधिक सांगणार नाही, शांतपणे म्हणाले, ‘दुकानातली असली काय अन् गुत्त्यातली असली काय, लपवून खाल्ली ना? मग बस इथं.’ मी बसलो.

फेब्रुवारीत आई-बाबांना एका बैठकीला बोलावले गेले आणि ते मिरजेहून आले. बाबांचा प्रश्न असा होता की, औषध डॉक्टरच देतात, मग त्याचे व्यसन कसे लागेल? ताईंनी त्यांना तेच चिठ्ठीमागचे चित्र दाखवले. आईला एवढेच जाणून घ्यायचे होते की हे कागद उद्या कोणाच्या हाती लागतील का. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित आजार मानसिक आजारांत धरले जातात आणि रुग्णाला गोपनीयतेचा हक्क आहे, हे ताईंनी सांगितले. मेथिलफेनिडेट एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालील पदार्थांत मोडते, त्यामुळे माझी स्वतःची भीती वेगळी होती. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण आहे, हे मला तिथेच समजले. ही माहिती केंद्राने पहिल्याच भेटीत छापून द्यावी. भीतीपोटी जे येतच नाहीत त्यांना ती कुठून मिळणार?

गोपनीयतेची एवढी ग्वाही देणाऱ्या केंद्रात स्वागतकक्षातील मुलगा मात्र पूर्ण नाव आणि आडनाव मोठ्याने पुकारत असे. मी तक्रार केली, तेव्हा दोन आठवडे टोकन आले आणि मग पुन्हा आडनावे. वेळ घेऊन गेल्यावरही सरासरी तासभर थांबावे लागे. दुसरी तक्रार लघवीच्या तपासणीची. ६०० रुपयांचे किट दोनदा वापरले गेले, दोन्ही वेळा निकाल स्वच्छ आला, आणि मार्चमध्ये मी विचारल्यावर डॉक्टरांनी मान्य केले की ॲम्फेटामिन या दुसऱ्या उत्तेजकासाठीच्या या साध्या किटमध्ये मेथिलफेनिडेट सहसा दिसत नाही. मग १२०० रुपये कशाचे? ते परत मिळाले नाहीत, पुढची तपासणी मात्र बंद झाली. पाच महिन्यांचा माझा एकूण खर्च, रक्ततपासण्या धरून, साडेसतरा हजारांच्या आसपास गेला. माझ्या विमा पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च नसल्याने तो सारा खिशातून गेला. ज्यांना हा खर्च झेपत नाही त्यांनी सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात आधी जावे. आणि ज्यांना घरात राहून सोडणे अशक्य वाटते त्यांच्यासाठी १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र याच शहरात आहे.

किटचा विषय मार्चमध्ये निघाला, त्यामागे कारण होते. आठ तारखेला एका मॉक परीक्षेच्या आदल्या रात्री मी वर्गातील एका ओळखीच्याकडून गोळी घेतली. किटमध्ये ती दिसली नाही आणि मी गप्प राहिलो असतो तर कोणालाच कळले नसते. वहीत मात्र ती रात्र कोरी राहिली होती, आणि ताईंनी कोऱ्या पानावर बोट ठेवले. मी सांगितले. त्यांनी उपचार पहिल्यापासून सुरू केले नाहीत, घरी फोन केला नाही, निराशही झाल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी काय खाल्ले होते एवढे विचारले आणि मे महिन्याचा अटेंप्ट द्यायचाच आहे का, हा प्रश्न प्रथमच टेबलावर ठेवला. मी मेचा अटेंप्ट सोडला.

मलाही एडीएचडी असेल, अशी माझी एक लाडकी समजूत होती, कारण तसे असते तर सारे प्रकरण सन्मानाचे झाले असते. डॉक्टरांनी ती तपासणी गोळी सुटून तीन महिने होईपर्यंत केली नाही. झोप आणि उदासी जागेवर येण्याआधी कोणाचेही लक्ष विचलितच दिसेल, असे त्यांचे म्हणणे. एप्रिलमध्ये दोन भेटींत, आईला फोन करून आणि माझी शाळेची प्रगतिपुस्तके मागवून, ती झाली. निष्कर्ष नकारार्थी आला. या एका बाबतीत घाई न केल्याबद्दल मी केंद्राचा आभारी आहे, जरी त्या दिवशी मला तो निकाल आवडला नव्हता.

मेअखेरच्या भेटीत वजन ६४ किलो, रक्तदाब १२२/७८ आणि नाडी ७६ होती. झोप साडेसात तास, गोळीशिवाय. जबड्याचे दुखणे गेले, पण दोन दाढा झिजल्या आहेत आणि दंतवैद्याचे काम अजून चालू आहे. वाचन पूर्वीइतके झालेले नाही: सलग पन्नास मिनिटे बसता येते, पुढे पाने नुसतीच उलटली जातात. ताई म्हणतात की पन्नास मिनिटे पुष्कळ झाली. अभ्यासक्रमाकडे पाहता मला ते पटत नाही. पाचपैकी मी या सेवेला चार गुण देतो, आणि कापलेला एक गुण किट आणि आडनावांचा आहे.

आता भेटी महिन्यातून एकदा होतात. सप्टेंबरच्या परीक्षेनंतरच्या गुरुवारची तारीख मी स्वतः घेऊन ठेवली होती. फाइल हातात आली तेव्हा परीक्षेच्या आदल्या आठवड्यातही एक भेट ताईंच्या अक्षरात लिहिलेली दिसली, वेळ दुपारी चारची, आणि पुढे कंसात ‘लाडू आणणे’.